संगणकातील पंखा : लहान भाग, मोठे काम

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या शहादा तालुक्याच्या गावी देशातील पहिल्या आधार क्रमांकांचे वितरण झाले. त्यानंतर दाखले, नोंदी व योजनांचे अर्ज यांसाठी संगणक हा गावोगावच्या कारभाराचा भाग बनला. तो बंद पडला, तर दूरच्या पाड्यावरून आलेल्या माणसाची खेप वाया जाते. म्हणून त्याची निगा हा लोकसेवेचाच भाग होय.

टेबलावरील संगणकाच्या पेटीत वीजपुरवठा करणारा एक संच असतो. २३० व्होल्टच्या विजेचे तो १२, ५ व ३.३ व्होल्टच्या एकदिश विजेत रूपांतर करतो. या कामात निर्माण होणारी उष्णता छोटा पंखा बाहेर फेकतो. धूळ साचली व बेअरिंगमधील वंगण सुकले की पंखा मंदावतो. आतील कपॅसिटर तापू लागतात. तापमान दहा अंशांनी वाढले, तर त्यांचे आयुष्य साधारणपणे निम्म्यावर येते. खानदेशच्या उन्हाळ्यात हा धोका अधिक.

सुरू करताना येणारी खरखर, मागील जाळीतून हवा न येणे, संगणक मध्येच बंद पडणे ही पूर्वसूचना समजावी. अशा वेळी प्रथम महत्त्वाच्या नोंदींची प्रत अन्यत्र घ्यावी व संगणक बंद ठेवावा.

पंखा बदलणे फार खर्चाचे नाही. परंतु ते नवख्याचे कामही नव्हे. वायर काढल्यावरही मुख्य कपॅसिटरमध्ये तीनशेहून अधिक व्होल्टचा दाब काही काळ राहू शकतो व तो प्राणघातक ठरू शकतो. म्हणून संच प्रशिक्षित तंत्रज्ञानेच उघडावा. नवा पंखा जुन्याच्याच मापाचा (बहुधा ८० किंवा १२० मिलिमीटर), तेवढ्याच व्होल्टचा व पुरेशी हवा फेकणारा असावा. हवेची दिशा पूर्वीसारखीच राहावी. तारा पात्यांना लागू नयेत. कपॅसिटर फुगलेले आढळल्यास केवळ पंखा न बदलता संपूर्ण संच बदलणे श्रेयस्कर.

कार्यालयाने स्वतः करावयाचे काम सोपे आहे. पेटी भिंतीला चिकटवू नये, जाळीवर कागद ठेवू नयेत आणि वीज बंद करून बाहेरील धूळ मऊ ब्रशने नियमितपणे झाडावी. यंत्र गावात पोहोचले, हे पहिले पाऊल. ते चालते ठेवणे, हे रोजचे कर्तव्य.