सेप्टिक टँक : बांधून विसरण्याची वस्तू नव्हे

घर बांधताना आपण फरशी, दरवाजे, रंग यांचा भाव दहा ठिकाणी विचारतो. सेप्टिक टँक मात्र गवंड्याच्या भरवशावर सोडून देतो. एकदा वर माती पडली की ती कोठे आहे हेही घरच्यांना आठवत नाही. मग एखाद्या पावसाळ्यात संडास तुंबतो, अंगणात घाण पाणी येते आणि खर्चाला सुरुवात होते. ज्या गावात भुयारी गटार नाही तेथे प्रत्येक घरमालकाला या टाकीची माहिती असणे जरुरीचे आहे. म्हणून आज आपण हा विषय पाहू.

टाकीचे काम

टाकीत आलेला मैला तीन थरांत विभागतो. जड भाग तळाशी गाळ होऊन बसतो, तेलकट भाग वर सायीसारखा तरंगतो आणि मधले पाणी पुढे शोषखड्ड्यात किंवा शोषचरात जाते. हवेशिवाय जगणारे सूक्ष्म जंतू गाळाचा काही भाग कुजवतात, पण सगळा नाही. उरलेला गाळ वर्षानुवर्षे साचत जातो. "आमची टाकी वीस वर्षांत भरलीच नाही" असे काही जण अभिमानाने सांगतात. अशा टाकीला बहुधा तळ नसतो किंवा तडे गेलेले असतात आणि मैला थेट जमिनीत मुरत असतो. ही अभिमानाची नव्हे, काळजीची गोष्ट आहे.

माप आणि अंतर

पाच माणसांच्या घराला आतून दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि पाण्याची खोली १ मीटर अशी टाकी चालते. तिच्यात सुमारे १,१२५ लिटर पाणी मावते आणि ती साधारण दोन वर्षांनी उपसावी लागते. पाणी येण्याच्या व जाण्याच्या तोंडाला 'टी' आकाराची नळी हवी, नाहीतर वरची साय शोषखड्ड्यात जाते. वायुनळी किमान २ मीटर उंच असावी आणि तिच्या तोंडाला डासांची जाळी लावावी.

भारतीय मानक आयएस २४७० प्रमाणे शोषखड्डा किंवा शोषचर पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर आणि राहत्या घरापासून किमान ६ मीटर दूर हवा. यात शेजाऱ्याची विहीरही धरावी. कोकणातल्या जांभ्यातून पाणी भराभर खाली जाते, म्हणून तेथे अंतर जास्त ठेवलेले बरे. काळ्या मातीत उलट त्रास होतो. ती पावसात फुगते आणि पाणी शोषत नाही.

काय टाळावे

ॲसिड आणि जंतुनाशके भरमसाट ओतू नयेत, त्याने जंतू मरतात. स्वयंपाकघरातले तेल, चिंध्या, प्लास्टिक, सॅनिटरी पॅड टाकीत जाता कामा नयेत. पागोळ्यांचे पाणी तर मुळीच सोडू नये. जोराने आलेले पाणी गाळ ढवळून पुढे नेते आणि शोषखड्ड्याची छिद्रे बुजतात. टाकी उपसता येते, पण बुजलेला शोषखड्डा खणून नवा करावा लागतो. खरे नुकसान येथे होते. शोषचरावर गाडी उभी करू नये, काँक्रीट घालू नये, मोठे झाड लावू नये. बाजारात मिळणाऱ्या पावडरीमुळे उपसा टळत नाही.

उपसा कधी?

लांब काठीच्या टोकाला पांढरे फडके गुंडाळून ती बाहेरूनच तळापर्यंत सोडावी. फडक्यावरच्या काळ्या खुणेवरून गाळाची उंची कळते. गाळ एकतृतीयांश खोलीपर्यंत आला की गाडी बोलवावी. झाकण काढताना विडी-काडी जवळ नको, मुले दूर हवीत. उपसा उन्हाळ्यात, पावसाच्या आधी करावा. थोडा गाळ तळाशी राहू द्यावा, म्हणजे जंतूंचे विरजण राहते. गाडी मैला कोठे नेऊन ओततो हे मालकाला जरूर विचारावे. नाल्यात ओतलेला मैला फिरून आपल्याच पाण्यात येतो. वाई आणि सिन्नर या नगर परिषदांनी घरोघरच्या टाक्या तक्रारीची वाट न पाहता ठरावीक वर्षांनी उपसण्याची पद्धत सुरू केली. इतर गावांनीही तशी मागणी करायला हरकत नाही.

माणूस उतरवू नका

ही सर्वांत महत्त्वाची बाब. टाकीत हायड्रोजन सल्फाइडसारखे विषारी वायू साठतात. प्रमाण वाढले की त्याचा वासही येईनासा होतो. एक जण आत कोसळतो आणि त्याला वाचवायला उतरलेले दुसरे-तिसरेही जातात. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणे हा गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. पण पैशाने कोणाच्या घरचा कर्ता माणूस परत येत नाही. गाडीचे भाडे वाचवण्यासाठी गरजू मजुराचा जीव पणाला लावण्याचा हक्क आपल्याला नाही.

टाकीची जागा, माप आणि मागच्या उपशाची तारीख घरपट्टीच्या पावत्यांबरोबर एका कागदावर लिहून ठेवावी. घर विकताना किंवा मुलांच्या हाती देताना तो कागद फार उपयोगी पडेल.