सयाजीरावांच्या आधीची रेल्वे
(जुना रेल्वेमार्ग कसा वाचायचा : एक अभ्यास)

सुरुवात माझ्या चुकीपासूनच करते. मागच्या वर्षी आपल्या मंडळाच्या भित्तिपत्रकासाठी मी ‘बडोद्याची छोटी रेल्वे’ असा एक तक्ता केला होता. त्यात पहिलंच वाक्य होतं : ‘महाराजा सयाजीराव तिसरे यांनी १८६२ मध्ये डभोई ते मियागाम ही भारतातली पहिली नॅरोगेज रेल्वे सुरू केली.’ शिक्षकांनी वाचलं, मित्रमैत्रिणींनी वाचलं, कोणालाच काही खटकलं नाही. मी त्याचा फोटो काढला आणि रविवारी मिस्सानंतर आमच्या पॅरिशमधल्या एका अंकलना दाखवला. ते रेल्वेत गार्ड होते, बरीच वर्षं याच छोट्या गाड्यांवर काढलेली. त्यांनी चष्मा वर केला, तक्ता वाचला आणि एवढंच म्हणाले, “बेटा, महाराजांचा जन्म कधीचा, ते तरी बघितलंस का?”

घरी येऊन बघितलं. ११ मार्च १८६३, नाशिक जिल्ह्यातलं कवळाणा गाव. म्हणजे मी ज्यांच्या नावावर रेल्वे चढवली होती, त्यांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता! बडोद्याच्या गादीवर ते दत्तक आले १८७५ मध्ये.

चूक साधी होती, पण तिचं कारण साधं नव्हतं. बडोद्यात काहीही चांगलं दिसलं की आपण डोळे मिटून सयाजीरावांचं नाव घेतो. विशेषतः आपण मराठी माणसं. मग मी ठरवलं की हा रेल्वेमार्ग पुन्हा शोधायचा. यावेळी ऐकीव गोष्टीवर नाही, तर तारीख, नकाशा आणि जमीन तिन्ही समोर ठेवून. ते कसं केलं ते इथे लिहितेय, कारण ही पद्धत तुम्हालाही वापरता येईल.

पायरी पहिली : तारखा एका ओळीत मांडा

कुठल्याही जुन्या मार्गाचा एक तुकडा कधीच एकदम तयार होत नाही. म्हणून आधी तुकडे आणि वर्षं लिहून घ्यायची. माझ्या वहीतली यादी अशी आहे :

१८६२ – डभोई ते मियागाम, सुमारे २० मैल (३२ किलोमीटर). गाडी ओढायला बैल.
१८७३ – याच मार्गावर जड रूळ घालून तो वाफेच्या इंजिनासाठी सज्ज केला.
१८७९ – डभोईहून नर्मदाकाठच्या चांदोदपर्यंत, आणि दुसरीकडे बहादरपूरपर्यंत.
१८८० – डभोई ते गोया गेट, म्हणजे आजचं प्रतापनगर.
१८८१ – गोया गेट ते विश्वामित्री.

आता या यादीशेजारी गादीवर कोण होतं ते लिहा. १८६२ ला खंडेराव गायकवाड. १८७३ ला मल्हारराव. १८७९ ते १८८१ या काळात सयाजीराव नावाला महाराज होते, पण अजून शिकत होते. राज्यकारभाराचे अधिकार त्यांना मिळाले डिसेंबर १८८१ मध्ये. तोवर कारभार दिवाण सर टी. माधवराव बघत होते.

इथे मी दुसऱ्यांदा थांबले. खंडेराव आपल्याला आठवतात ते मोत्यांच्या गालिच्यासाठी आणि चांदीच्या तोफांसाठी. मल्हारराव आठवतात ते रेसिडेंट कर्नल फेअरवरच्या विषप्रयोगाच्या आरोपामुळे, ज्यानंतर १८७५ मध्ये त्यांना पदच्युत केलं गेलं. एक शौकीन, एक बदनाम. पण रूळ घातले ते यांच्याच काळात. आणि रेल्वे बडोदा शहरात आणली ती माधवरावांच्या कारभारात. हे माधवराव कुंभकोणमचे, तंजावरकडच्या मराठी घराण्यातले. म्हणजे मराठीचा अभिमान बाळगायचाच असेल, तर तो एका नावापुरता ठेवायची गरज नाही. तो तामिळ मुलुखापर्यंत जातो.

पायरी दुसरी : नकाशा उघडा आणि ‘का’ विचारा

मोबाइलवर उपग्रह-नकाशा उघडून डभोईवर बोट ठेवा. डभोई ताऱ्यासारखं आहे. वायव्येला बडोदा, उत्तरेला सामलाया, पूर्वेला बोडेली, दक्षिणेला चांदोद, आणि नैऋत्येला मियागाम. एकेकाळी या पाचही बाजूंना छोट्या गाड्या जायच्या.

आता विचार करा, की पहिला फाटा मियागामलाच का? राजधानी तर बडोदा आहे! डभोईची रेल्वे राजधानीत पोचायला अठरा वर्षं लागली. उत्तर मोठ्या लाइनमध्ये आहे. बॉम्बे बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची रुंद लाइन १८६१ मध्ये बडोद्यापर्यंत आली होती आणि मियागाम त्याच लाइनवर आहे. डभोईच्या आसपासची जमीन काळी, कापसाची. त्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. डभोईचा माल मोठ्या लाइनवर नेऊन टाकायचा, की तो थेट समुद्राच्या दिशेला लागला. म्हणजे ही रेल्वे प्रवाशांना राजधानी दाखवायला नव्हती, गाठोडी हलवायला होती. मार्गाचा आकारच हे सांगतो.

बैल का, याचंही उत्तर लोखंडात आहे. पहिले रूळ एका यार्डाला फक्त १३ पौंडांचे होते, म्हणजे मीटरला साधारण साडेसहा किलो. आज मोठ्या लाइनवर मीटरला ६० किलोचा रूळ असतो. इतक्या हलक्या रुळावर इंजिनाचं वजन पेललं नसतं. दोन रुळांतलं अंतरही अडीच फूट, मोठ्या लाइनच्या साडेपाच फुटांच्या निम्म्याहून कमी. अंतर कमी म्हणजे भराव अरुंद, पूल लहान, खर्च थोडा. पुढे १८९७ मध्ये आपल्या सोलापूर जिल्ह्यात बार्शी लाइट रेल्वे झाली, तीही याच अडीच फुटांची.

पायरी तिसरी : जमिनीवर काय बघायचं

अंकलनी मला चार गोष्टी शिकवल्या. त्या जशाच्या तशा देते.

एक : “गाडी काटकोनात वळत नाही.” बैलगाडीचा रस्ता शेताच्या बांधाबांधाने कोपरे घेत जातो. रेल्वे शेत कापून सरळ जाते आणि वळली तर लांब, गोलसर वळते. नकाशात सगळे रस्ते वेडेवाकडे आणि एकच पायवाट अशी डौलात वळलेली दिसली, तर तिथे पूर्वी रूळ असण्याची शक्यता धरा.

दोन : “रूळ काढतात, मोरी कोण काढतंय?” लोखंड विकलं जातं, स्लीपर जळणाला जातात. पण पावसाचं पाणी जायला बांधलेली दगडी किंवा विटांची मोरी तशीच राहते. ओढ्यावर रस्ता नसताना मोरी दिसली तर फोटो काढा.

तीन : भराव. सपाट शेतात दोन हात उंचीची लांबच लांब पट्टी नैसर्गिक नसते.

चार : नावं. हे आपलं, भाषेच्या विद्यार्थ्यांचं काम. मोभा रोड, मासर रोड, नारेश्वर रोड या स्टेशनांतला ‘रोड’ सांगतो की गाव इथे नाही, इथून रस्ता गावाला जातो. कुर्डुवाडीचं जुनं नाव बार्शी रोड, त्यामागचं कारणही हेच. आणि प्रतापनगर स्टेशनचं नाव बदलूनही लोक त्या भागाला अजून गोयागेट म्हणतात. पाटी बदलली तरी तोंडातलं नाव लवकर जात नाही.

यात माझी एक सूचना जोडते : चालू रुळांवर चालायचं नाही. आज प्रतापनगरहून डभोईमार्गे मोठ्या गाड्या जातात. जे बघायचं ते खिडकीतून, फाटकावरून किंवा नकाशात बघा.

पायरी चौथी : काय गेलं, काय उरलं

मी आणि माझी मैत्रीण प्रतापनगरहून डभोईला जाऊन आलो. डभोई ते चांदोदची छोटी लाइन आता रुंद झाली आहे, आणि चांदोदच्या पुढे तिलकवाडा, गरुडेश्वर असं करत नवी लाइन केवडियाला जाते. तिचं उद्घाटन १७ जानेवारी २०२१ ला झालं. गरुडेश्वरला वासुदेवानंद सरस्वती, म्हणजे टेंबे स्वामींची समाधी आहे, १९१४ ची. तेव्हा बडोद्याचा दत्तभक्त रेल्वेने चांदोदपर्यंतच जाऊ शकत होता. आज गरुडेश्वरलाच स्टेशन आहे. त्यामुळे जुनं गेलं म्हणून नुसतं रडणं मला जमलं नाही.

तरी काहीतरी जातंच. २०१८ मध्ये रेल्वेने गुजरातमधले पाच नॅरोगेज मार्ग वारसा म्हणून जपायचे ठरवले, एकूण २०४ किलोमीटर. त्यात डभोई–मियागाम आहे, प्रतापनगर–जंबुसर आहे, आणि सयाजीरावांच्या काळातली बिलिमोरा–वघईसुद्धा. (त्यांचं श्रेय त्यांना द्यायचंच. १९१९ ची प्रतापनगरची वर्कशॉपही त्यांच्याच कारकिर्दीतली.) पण वारसा हा शब्द लागला म्हणजे गाडी धावत राहते असं नाही. प्रतापनगरला रेल्वेचं हेरिटेज पार्क आहे, तिथे छोटं इंजिन उभं आहे. मी अंकलना तिथे घेऊन गेले. ते इंजिनापाशी फार थांबले नाहीत. म्हणाले, “हे धुऊन ठेवलंय. आमचं कधी एवढं स्वच्छ नसायचं.”

परत येताना मी त्यांना विचारलं, की १८६२ मध्ये ते बैल हाकणारे कोण असतील? ते म्हणाले, “त्यांची नावं कोण लिहिणार? आमची तरी कोण लिहितंय?”

तक्ता मी पुन्हा केला. पहिल्या ओळीत खंडेराव आहेत. दुसऱ्या ओळीत लिहिलंय : ‘गाडी बैल ओढत. हाकणाऱ्यांची नावं या तक्त्यात नाहीत.’ सर म्हणाले, तक्त्यात असं वाक्य बसत नाही. मी ते ठेवलंय.

तुमच्यासाठी काम : तुमच्या ओळखीत रेल्वेत काम केलेलं कोणी असेल, तर त्यांच्यासोबत एक तास बसा. त्यांना तीनच प्रश्न विचारा. कुठल्या लाइनवर होता, स्टेशनं क्रमाने सांगाल का, आणि त्या स्टेशनांना लोक काय म्हणायचे? ती यादी तारीख घालून लिहा आणि मंडळाकडे द्या. जंबुसरच्या लाइनची सुरुवात मी केली आहे. अंकलनी सांगितलेली नावं : प्रतापनगर, विश्वामित्री, अटलादरा, भायली, समियाला, पादरा… पुढची कोणीतरी भरा.