वेरूळचे पाचवे लेणे आणि 'संवेग'

महापरिनिब्बान सुत्तात तथागतांनी आनंदाला चार स्थळे सांगितली आहेत. जन्माचे, संबोधीचे, पहिल्या धम्मप्रवचनाचे आणि महापरिनिर्वाणाचे, म्हणजेच लुंबिनी, बुद्धगया, सारनाथ आणि कुसिनारा. ही स्थळे श्रद्धावान माणसाने पाहावीत, कारण ती 'संवेजनीय' आहेत, पाहणाऱ्याच्या मनात संवेग उत्पन्न करणारी आहेत. 'संवेग' या पाली शब्दाला मराठीत नेमका पर्याय सापडत नाही. अंतःकरण हलणे, झोपेतून दचकून जागे झाल्यासारखे वाटणे आणि त्या जागेपणी काही करावेसे वाटणे, एवढे सारे त्यात येते. प्राचीन बौद्ध स्मारकापुढे उभे राहिल्यावर जे अनुभवास येते त्याला लोक सर्रास 'आध्यात्मिक अनुभव' म्हणतात. अनात्मवादी धम्माच्या अनुयायांनी हा शब्द उसना कशाला घ्यावा? आपल्या घरात 'संवेग' आहे.

हा संवेग आम्हास अनुभवास आला तो मराठवाड्यातीलच वेरूळ येथे, आणि तोही फारसे कोणी थांबत नाही अशा पाचव्या लेण्यात.

वेरूळच्या 34 लेण्यांपैकी दक्षिण टोकाची पहिली 12 लेणी बौद्ध आहेत. प्रवाशांची झुंबड कैलास लेण्यावर असते. बौद्ध लेण्यांकडे जे येतात ते दहाव्या चैत्यगृहातील स्तूप आणि बुद्धमूर्ती पाहून परततात. या लेण्यांची लोकांनी ठेवलेली नावे हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. दहावे लेणे, त्याच्या छताला लाकडी वाशांसारख्या दगडी फासळ्या आहेत म्हणून, 'सुताराची झोपडी'. अकरावे 'दोन थळ'. वास्तविक त्याला तीन मजले आहेत, परंतु खालचा मजला मातीत गाडला गेला होता. 1876 साली तो मोकळा झाला, तरी नाव दोन थळच राहिले. आणि पाचव्या लेण्याचे जुने नाव 'महारवाडा'.

सुमारे सातव्या शतकातील हा विहार 117 फूट खोल आहे. दोन्ही बाजूंना भिक्खूंच्या निवासाच्या कोठड्या, मागील गर्भगृहात बुद्धमूर्ती, आणि सभागृहाच्या मध्यभागी, खांबांच्या दोन रांगांमध्ये, या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेले दोन लांब, बुटके दगडी बाक. मुंबईजवळच्या कान्हेरी येथील अकराव्या लेण्यातही असेच बाक आहेत. ते भोजनाचे की पठणाचे, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. ज्यांनी निवासी शाळा चालविली आहे त्यांना हा वाद फारसा अडचणीचा वाटणार नाही. आपल्याकडेही ज्या ओसरीत सकाळी वंदना होते, तिथेच दुपारी ताटे मांडली जातात आणि रात्री अभ्यासिका भरते.

श्रावणातील एका सहलीत आम्ही आठवीचे विद्यार्थी घेऊन उमरीहून रात्रीच्या रेल्वेने निघालो आणि दुसऱ्या दिवशी वेरूळला पोहोचलो. पाऊस लागला होता. पाचव्या लेण्यात शिरताच एक मुलगा म्हणाला, "सर, हे तर आपलं होस्टेलच हाय की!" मुले कोणी न सांगता दोन्ही बाकांवर समोरासमोर बसली, जशी शाळेत जेवायला बसतात तशी. हलक्या आवाजात त्रिसरण-पंचशील झाले. त्यानंतर कोणी उठले नाही. डोळे मिटा असे आम्ही सांगितले नव्हते. बाहेर डोंगरावरून पाणी कोसळत होते आणि आत चाळीस मुलांचा श्वास ऐकू येईल अशी शांतता होती. प्रकाश दिसला, आवाज ऐकू आला, असे काही घडले नाही. एवढेच जाणवले की ज्या दगडावर आम्ही बसलो आहोत तो बसण्यासाठीच कोरलेला आहे, त्यावर एकाचे आसन दुसऱ्याहून बोटभरही उंच नाही, आणि ही जागा आम्हास परकी नाही. त्या काही मिनिटांत आम्हा शिक्षकांचे डोळे भरून आले होते, हे सांगण्यास संकोच वाटत नाही.

मग आम्ही मुलांना लेण्याचे जुने नाव सांगितले. थोड्या वेळाने मागून प्रश्न आला. विचारणाऱ्याचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जातात. "सर, म्हणजे इथंबी आपल्याला गावाबाहेरच ठेवलं होतं का?"

या प्रश्नाचे उत्तर इतिहासाच्या शिक्षकाने जपून द्यावयास हवे. एकोणिसाव्या शतकात या लेण्यांची पाहणी करणाऱ्या जेम्स बर्जेस यांनी नावाचे कारण नोंदविले आहे. पावसाळ्याच्या वादळवाऱ्यात गावातील महार मंडळी या लेण्यात आश्रय घेत. पावसात ज्यांना गावात जागा नव्हती, त्यांना या विहाराने जागा दिली. आता विनयपिटकातील महावग्ग आठवावा. पावसाळ्यातही भिक्खू हिंडतात, हिरवे गवत आणि बारीक जीव तुडवतात, अशी लोकांनी तक्रार केली, तेव्हा तथागतांनी वर्षावासाचा नियम घालून दिला. आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने भिक्खूने एका ठिकाणी राहावे, अध्ययन करावे. म्हणजे हे सभागृह ज्या ऋतूतील निवाऱ्यासाठी कोरले गेले, त्याच ऋतूत, हजारभर वर्षांनी, आपली माणसे तिथे अंग चोरून बसत होती. मागे अंधारात बसलेला कोण, हे त्यांना सांगणारे त्या काळी कोणी नव्हते.

यावरून आपले पूर्वज बौद्ध होते हे सिद्ध झाले, असे कोणी म्हणेल. तसे आम्ही मुलांना शिकवीत नाही. बाबासाहेबांनी 1948 साली 'द अनटचेबल्स' या ग्रंथात अस्पृश्यांच्या मूळ बौद्धत्वाचा सिद्धांत मांडला, आणि पुराव्याची साखळी तुटते तिथे दुवे तर्काने जोडावे लागतात, हे प्रस्तावनेतच स्पष्ट केले. एका लेण्याच्या नावावर तो सिद्धांत उभा नाही आणि पडतही नाही. संवेग हा पुरावा नव्हे. पुरावा शोधण्याची इच्छा मात्र त्यातून जन्मते.

वेरूळला जाण्याची इच्छा बाबासाहेबांच्या सहकाऱ्यांनाही झाली होती. 1934 साली तीसएक जणांचा समूह तेथील बौद्ध लेणी पाहावयास निघाला. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यावर, धुळीने माखलेल्यांनी वेशीजवळच्या हौदावर हातपाय धुतले, तेव्हा पाणी बाटविले म्हणून जमाव धावून आला. अखेर किल्ला पाहू दिला तो सोबत सशस्त्र शिपाई देऊन, कोणी पाण्याला हात लावू नये म्हणून. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. त्यानंतर सोळा वर्षांनी, 1950 मध्ये, त्याच औरंगाबादेत त्यांनी महाविद्यालय सुरू केले. त्याला पुढे नाव मिळाले मिलिंद, आणि त्याच्या परिसराला नागसेनवन. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कित्येक जण तिथे शिकले आहेत. वर्गात ही दोन सालेच तेवढी फळ्यावर लिहावीत. मधले अंतर मुले स्वतः मोजतात.

त्या मुलाला आम्ही एवढेच सांगितले की गावाने बाहेर ठेवले होते हे खरे, विहाराने आत घेतले हेही खरे, आणि दोन्ही वहीत लिही. त्याने लिहिले. बाक किती पावले लांब आहे तेही त्याने मोजले.

माजी विद्यार्थी आणि पालकांपैकी कोणी मुलाबाळांसह जाणार असतील त्यांच्यासाठी थोडे. लेणी मंगळवारी बंद असतात. ती पश्चिमाभिमुख असल्याने दुपारनंतर उजेड आतपर्यंत येतो, तेव्हा सकाळी कैलास पाहून बौद्ध लेण्यांकडे दुपारी वळावे. पाचव्या लेण्यात पाच मिनिटे तरी बसावे. दिवा-मेणबत्ती आत लावू नये, भिंतींना काजळी धरते. मोठ्याने बोलण्याचीही गरज पडत नाही, मागच्या मुलाला सगळे ऐकू जाते.