लघु उद्योगांची संगणक सुरक्षा : एक आर्थिक प्रश्न

बंगळुरू म्हटले की इलेक्ट्रॉनिक सिटी आणि व्हाइटफील्ड येथील माहिती तंत्रज्ञान कंपन्यांची विस्तीर्ण संकुले डोळ्यांसमोर येतात. शहराच्या दक्षिण भागातील बनशंकरी या चित्रात सहसा नसते. महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांना हे नाव बदामीजवळच्या कुलदेवतेमुळे परिचित आहे. बंगळुरूच्या या उपनगराने मात्र ते कनकपुरा रस्त्यावरील देवीच्या मंदिरावरून घेतले. टप्प्याटप्प्याने वसलेल्या अशा उपनगरात मोठे उद्योग नसतात. करसल्लागारांची कार्यालये, दंतवैद्यांचे दवाखाने, रोगनिदान प्रयोगशाळा, छापखाने, कापडाची दुकाने आणि शिकवणी वर्ग हीच तेथील अर्थव्यवस्था होय. यांपैकी प्रत्येक ठिकाणी एक-दोन संगणक असतात. ग्राहकांची नावे व भ्रमणध्वनी क्रमांक, वर्षाचे हिशेब आणि बँकेच्या खात्याची किल्ली त्यांतच असते. त्यांच्या सुरक्षेचा विचार करणारा स्वतंत्र कर्मचारी मात्र बहुधा कोठेच नसतो. वार्षिक देखभालीचा करार केलेला दुरुस्ती कारागीर महिन्यातून एकदा येतो आणि यंत्र सुरू आहे एवढे पाहून जातो.

या कारागिराला कमी लेखण्याचे कारण नाही. भारतातील अँटिव्हायरस उद्योगाचा एक प्रमुख प्रवाह अशाच दुकानातून निघाला. पुण्यात कैलाश काटकर यांनी दुरुस्तीच्या छोट्या व्यवसायातून आरंभ केला, त्यांचे बंधू संजय यांनी विषाणू काढणारी आज्ञावली लिहिली आणि त्यातून १९९०च्या दशकात ‘क्विक हील’ उभी राहिली. २०१६ मध्ये ही कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली.

संगणकाची सक्ती, सुरक्षेची नाही

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ अन्वये या उद्योगांची व्याख्या केली जाते. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या सुधारित निकषांनुसार सूक्ष्म उद्योगासाठी गुंतवणुकीची मर्यादा २.५ कोटी रुपये व उलाढालीची १० कोटी रुपये आहे. लघु उद्योगासाठी ती अनुक्रमे २५ कोटी व १०० कोटी, तर मध्यम उद्योगासाठी १२५ कोटी व ५०० कोटी रुपये आहे. दोन्ही निकष एकत्रितपणे विचारात घेतले जातात, हे परीक्षार्थींनी ध्यानात ठेवावे.

या उद्योगांनी संगणक स्वीकारला तो केवळ सोयीसाठी नव्हे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि विवरणपत्र ऑनलाइन भरणे अनिवार्य ठरले. ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटी रुपयांवरील उलाढालीसाठी सुरू झालेली ई-बीजक पद्धत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटी रुपयांपर्यंत खाली आली. दरम्यान यूपीआयने गल्ल्यातील रोकडीची जागा घेतली. अशा रीतीने छोट्या व्यावसायिकाला संगणकीय जगात आणण्याचे काम धोरणाने केले. त्या जगात सुरक्षित राहण्याचा खर्च मात्र त्याच्यावरच पडला.

धोक्याचे स्वरूप

लहान व्यवसायावर होणारे हल्ले मुख्यतः दोन प्रकारचे आढळतात. पहिला रॅन्समवेअरचा, म्हणजे खंडणीचा. घुसखोर आज्ञावली संगणकातील सर्व फाइली सांकेतिक लिपीत रूपांतरित करते आणि किल्लीसाठी पैसे मागते. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ने सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांना ग्रासले, आरंभीची मागणी प्रत्येकी ३०० डॉलर एवढ्या बिटकॉइनची होती. ज्या त्रुटीतून ती शिरली, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी १४ मार्चला प्रसिद्ध केली होती. उपाय जवळजवळ दोन महिने विनामूल्य उपलब्ध असूनही असंख्य यंत्रांवर तो बसवला गेला नव्हता. हाच प्रश्न आता नव्या स्वरूपात उभा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’चे नियमित साहाय्य संपले. काही ग्राहकांना मर्यादित काळ वाढीव सुरक्षा सुधारणा मिळण्याची सोय आहे. तथापि जुने यंत्र चालते आहे तोवर बदलायचे नाही, ही छोट्या दुकानदाराची स्वाभाविक वृत्ती असते.

दुसरा प्रकार बीजकाच्या फसवणुकीचा. हल्लेखोर एखाद्या पुरवठादाराच्या ई-मेल खात्यात शिरतो, काही दिवस पत्रव्यवहार वाचतो आणि देयक देण्याच्या सुमारास ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असा मजकूर त्याच भाषेत, त्याच पत्त्यावरून पाठवतो. यात कोणताही विषाणू नसल्यामुळे अँटिव्हायरस येथे निरुपयोगी ठरतो. जुन्या क्रमांकावर दूरध्वनी करून खातरजमा करणे हा बिनखर्ची उपाय आहे. बहुतेक व्यावसायिक तो करत नाहीत, कारण ओळखीच्या माणसावर संशय घेणे व्यवहारात अशिष्ट मानले जाते.

एकाचे दुर्लक्ष, अनेकांचे नुकसान

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने या विषयाकडे ‘बाह्यता’ या संकल्पनेतून पाहावे. एखाद्याच्या आर्थिक निर्णयाचा परिणाम त्या व्यवहारात सहभागी नसलेल्या तिसऱ्या पक्षावर होतो आणि बाजारभावात तो उमटत नाही, तेव्हा बाह्यता निर्माण होते. धूर ओकणारा कारखाना हे तिचे पाठ्यपुस्तकातील उदाहरण. असुरक्षित संगणक हे तितकेच चपखल उदाहरण आहे.

याचा प्रत्यय महाराष्ट्राने २०१७ मध्ये घेतला. युक्रेनमधील एका छोट्या, कौटुंबिक स्वरूपाच्या कंपनीने बनवलेली ‘एम.ई.डॉक’ ही हिशेबाची आज्ञावली त्या देशात करविवरणासाठी मोठ्या प्रमाणावर वापरली जात असे. हल्लेखोरांनी तिच्या सुधारित आवृत्तीच्या वितरणव्यवस्थेत शिरकाव केला आणि २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ ही विध्वंसक आज्ञावली तेथून जगभर पसरली. मर्स्क या जहाजवाहतूक समूहाचे जाळे कोलमडले आणि न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या समूहाशी संलग्न टर्मिनलचे काम ठप्प झाले. मर्स्कने स्वतःचे नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर असल्याचे सांगितले. कीव्हमधील त्या छोट्या कंपनीने सुरक्षेवर किती खर्च करायचा हे ठरवताना न्हावा शेव्यातील कंटेनरांचा विचार केला असणे शक्य नव्हते.

देशातील उदाहरण अधिक अलीकडचे आहे. ३१ जुलै २०२४ रोजी सी-एज टेक्नॉलॉजीज या बँकिंग तंत्रज्ञान पुरवणाऱ्या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. संसर्ग पसरू नये म्हणून राष्ट्रीय देयक महामंडळाने तिला किरकोळ देयक प्रणालीपासून तात्पुरते अलग केले. परिणामी सुमारे ३०० सहकारी व प्रादेशिक ग्रामीण बँकांच्या ग्राहकांचे देयक व्यवहार थांबले. दुसऱ्या दिवशी सेवा पूर्ववत झाली, परंतु या ग्राहकांपैकी कोणाचाही काही दोष नव्हता.

बनशंकरीसारख्या उपनगरात हाच सांधा करसल्लागाराच्या कार्यालयात असतो. शंभर-दीडशे अशिलांचे कर-पोर्टलवरील पासवर्ड एकाच फाइलीत आणि अनेकांच्या डिजिटल स्वाक्षरीची टोकने एकाच खणात, ही आपल्याकडील सर्वपरिचित पद्धत आहे. आपल्या वतीने कागदपत्रांवर सही करण्याची क्षमता त्या खणात पडून आहे, याची जाणीव अशिलाला नसते. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी वा पासवर्ड कपटाने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६क (इंग्रजी मसुद्यातील सी) अन्वये तीन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र गुन्हा आहे. अर्थात, कायद्याने गुन्हेगाराला शिक्षा होते. खण मात्र उघडाच राहतो.

बाजार अपुरा का पडतो?

लॉरेन्स गॉर्डन व मार्टिन लोएब यांनी २००२ मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार, त्यांनी विचारात घेतलेल्या परिस्थितींमध्ये माहिती सुरक्षेवरील इष्टतम गुंतवणूक अपेक्षित हानीच्या सुमारे ३७ टक्क्यांहून अधिक नसते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. करसल्लागाराची हल्ल्यातील स्वतःची हानी ५ लाख रुपये आणि वर्षभरात हल्ला होण्याची शक्यता १० टक्के मानल्यास अपेक्षित हानी ५० हजार रुपये होते. म्हणजे खर्चाची कमाल मर्यादा सुमारे १८,५०० रुपये. आता अशिलांची संभाव्य हानी २० लाख रुपये धरली तर एकूण अपेक्षित हानी २.५ लाख रुपये आणि कमाल मर्यादा सुमारे ९२,५०० रुपये होते. या दोन आकड्यांमधील अंतर हे सल्लागाराच्या अज्ञानाचे द्योतक नव्हे. तो आपल्या दृष्टीने विवेकानेच वागत असतो. म्हणूनच केवळ जनजागृतीच्या मोहिमांकडून फार अपेक्षा ठेवता येत नाही.

दुसरी अडचण असममित माहितीची आहे. जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे जे विश्लेषण केले, ते येथेही लागू पडते. चांगली व निकृष्ट सुरक्षा ग्राहकाला बाहेरून सारखीच दिसते. त्यामुळे तो चांगल्या सुरक्षेसाठी अधिक दाम मोजत नाही आणि निकृष्ट माल टिकून राहतो.

तिसरा मुद्दा दायित्वाचा. केंब्रिजचे रॉस अँडरसन यांनी २००१ मधील आपल्या निबंधात एटीएमचा दाखला दिला. अमेरिकेत वादग्रस्त व्यवहार सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर होती, तर ब्रिटनमध्ये व्यवहारतः ती ग्राहकावर पडे. परिणामी ब्रिटिश बँका गाफील राहिल्या व तेथे फसवणूक वाढली. हानी ज्याच्या गळ्यात पडते तोच कुलूप सुधारतो. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात याच तत्त्वाचा आधार घेतला. बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना त्रयस्थामुळे अनधिकृत व्यवहार झाल्यास आणि तीन कामकाजी दिवसांत कळवल्यास ग्राहकाचे दायित्व शून्य ठरवले गेले. चार ते सात दिवसांत कळवल्यास सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या चालू खात्यासाठी ते १०,००० रुपयांपर्यंत मर्यादित करण्यात आले. मात्र पासवर्ड इतरांना दिल्यासारखा निष्काळजीपणा ग्राहकाकडून घडला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतची हानी त्याचीच. बीजकाच्या फसवणुकीत मालक स्वतःच्या हाताने पैसे पाठवत असल्याने हे संरक्षण त्याला सहसा उपयोगी पडत नाही.

कायदा आणि संस्था

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आला. त्यात २००८ मध्ये करण्यात आलेल्या दुरुस्तीने २००४ पासून कार्यरत असलेल्या ‘सर्ट-इन’ या संस्थेस कलम ७०ब अन्वये राष्ट्रीय यंत्रणेचा दर्जा दिला. कलम ४३ अन्वये नुकसानभरपाई मागता येते. पाच कोटी रुपयांपर्यंतचे दावे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे, न्यायनिर्णय अधिकारी या नात्याने, चालतात. ही वाट छोट्या व्यावसायिकांना फारशी ठाऊक नाही. बंगळुरूने २००१ मध्येच स्वतंत्र सायबर गुन्हे पोलीस ठाणे स्थापन करून देशात आघाडी घेतली होती. आर्थिक फसवणुकीची तक्रार आता १९३० या क्रमांकावर करता येते. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी गोठवता यावी यासाठी पहिले काही तास निर्णायक असतात.

सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे आणि संगणक प्रणालीच्या नोंदी १८० दिवस जतन करणे बंधनकारक झाले. लघु उद्योगांना त्यासाठी २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदतवाढ मिळाली. मुदत वाढली तरी बंधन तेच राहिले. हजार कर्मचाऱ्यांच्या कंपनीला आणि एका लेखनिकावर चालणाऱ्या कार्यालयाला एकच घड्याळ लावणे कितपत व्यवहार्य आहे, हा प्रश्न रास्त आहे. २०२५ मध्ये याच संस्थेने या क्षेत्रासाठी १५ मूलभूत नियंत्रणे प्रसिद्ध केली. यंत्रांची यादी, वेळेवर सुधारणा, राखीव प्रती आणि त्रयस्थ पुरवठादारांची जोखीम यांचा त्यांत समावेश आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या सायबर स्वच्छता केंद्राची विषाणू काढण्याची साधने विनामूल्य मिळतात.

खर्च कोणी उचलावा?

प्राथमिक उपाय महाग नाहीत. हिशेबाची एक प्रत रोज वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क संगणकापासून काढून ठेवणे महत्त्वाचे, कारण जोडलेली डिस्कही रॅन्समवेअर कुलूपबंद करते. बँकेच्या व्यवहारासाठी वेगळे यंत्र ठेवावे. नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचे खाते त्याच दिवशी बंद करावे. परंतु लेखापरीक्षण, नोंदींचे जतन आणि हल्ल्यानंतरची तज्ज्ञ मदत यांचा खर्च स्थिर स्वरूपाचा असतो. उलाढाल लहान असली म्हणून तो त्या प्रमाणात घटत नाही. औद्योगिक समूह विकास कार्यक्रमातील सामाईक सुविधा केंद्रांची कल्पना येथे उपयुक्त ठरू शकेल. पीण्यासारख्या औद्योगिक वसाहतीत ती सहज बसते. बनशंकरीत व्यवसाय विखुरलेले असल्याने करसल्लागारांच्या व व्यापाऱ्यांच्या संघटनांमार्फतच ती राबवावी लागेल. ब्रिटनने २०१४ मध्ये ‘सायबर इसेन्शियल्स’ हे पाच नियंत्रणांचे प्रमाणपत्र आणले आणि काही शासकीय कंत्राटांसाठी ते आवश्यक केले. आपल्याकडे केंद्रीय खरेदीत २५ टक्के वाटा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घेण्याचे उद्दिष्ट आहे. मात्र अनुदानाविना अशी अट घातल्यास सर्वांत लहान पुरवठादारच प्रथम बाहेर फेकला जाईल.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ खालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत. वाजवी सुरक्षा उपाय न योजल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. कलम १७(३) अन्वये केंद्र सरकार डेटाचे प्रमाण व स्वरूप पाहून नवउद्यमांसह काही घटकांना ठरावीक तरतुदींतून सूट देऊ शकते. परीक्षार्थींनी येथे बारकाईने पाहावे : त्या सवलतींच्या यादीत कलम ८(५), म्हणजे सुरक्षा उपायांचे कर्तव्य, नाही. चार खुर्च्यांच्या दंतवैद्यकीय दवाखान्यातील रुग्णांच्या नोंदींनाही ते कर्तव्य लागू राहील.