तिपाईवरही छायाचित्र का हलते?

कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवला, तरी कधीकधी छायाचित्र किंचित पुसट येते. असे का? ३६ मिलिमीटर रुंद संवेदकावर एका ओळीत ९,५०० बिंदू असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ०.००४ मिलिमीटर जागा येते. प्रतिमा एवढी सरकली, तरी बारकावे पुसतात.

बिनआरशाच्या कॅमेऱ्यात दृश्य दिसावे म्हणून शटर आधीच उघडे असते. बटण दाबताच ते प्रथम मिटते, मग उघडते. या धक्क्याची थरथर क्षणभरच टिकते. एक सेकंदाच्या छायाचित्रात तिचा वाटा नगण्य; १/१०० सेकंदात मात्र ती बहुतेक वेळ व्यापते.

उपाय? शटरच्या पहिल्या पडद्याचे काम इलेक्ट्रॉनिक पद्धतीवर सोपवा. सुरुवातीची उघडझाप टळेल. भिंतीवर वर्तमानपत्र लावून दोन्ही रीतींनी छायाचित्रे घ्या आणि बारीक अक्षरे ताडून पाहा.