चिमण्यांची बाजरी, कबुतरांची पंगत

वरच्या मजल्यावरच्या वहिनी दारात उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या हातात दादांचा पांढरा लेंगा होता. बोलल्या काही नाहीत, घडी उलगडून दाखवली. लेंग्यावर हिरवट-पांढरे ओघळ होते. "ताई, तिसऱ्यांदा धुतलाय," एवढंच म्हणाल्या. मी ओशाळले. लेंगा रंगवणाऱ्या त्या कबुतरांना रोज सकाळी सातला मीच जेवायला वाढत होते.

सुरुवात चिमण्यांपासून झाली. आमचं घर पुण्यात, जुन्या सोसायटीत तळमजल्यावर. मागे चार पावलांचं परसदार, त्यात एक कढीपत्ता नि एक पेरू. नातीला चिऊ-काऊचे घास भरवत होते, तर तिनं विचारलं, "आजी, चिऊ कुठंय?" दाखवायला एकही नव्हती. दुसऱ्याच दिवशी वाण्याकडून किलोभर बाजरी आणली आणि जुन्या परातीत ओतून पेरूखाली ठेवली.

पहिला आठवडा सोन्यासारखा गेला. सहा चिमण्या, साळुंक्यांची जोडी आणि लाजत लाजत येणारा एक होला. मी फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवले. तिसऱ्या आठवड्यात पहिलं कबुतर उतरलं, आणि महिन्याभरात ती चाळीस झाली. चिमण्या परातीजवळ फिरकेनात. मला वाटलं, दाणे पुरत नाहीत. म्हणून मी परात बदलून घमेलं ठेवलं!

कबुतरं दाणे माझ्याकडे टिपत आणि बसायला वर जात. वहिनींच्या एसीच्या खोक्यामागे, सज्ज्यावर, कपड्यांच्या दांडीवर. लेंग्याचं प्रकरण झालं तेव्हा दादांना कोरडा खोकला लागला होता. छातीच्या डॉक्टरांनी त्यांना आधी विचारलं ते हेच, की घराजवळ कबुतरं आहेत का? कबुतरांची वाळलेली विष्ठा आणि पंखांची भुकटी रोज श्वासातून गेली की काहींच्या फुप्फुसांना ॲलर्जीची सूज येते, आणि वर्षानुवर्षं तसंच चाललं तर फुप्फुसं कायमची निबर होतात. दादांचा खोकला माझ्यामुळेच होता असं कुणी म्हटलं नाही, आणि पुढे तो थांबलाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. २०२५ साली दादरच्या कबुतरखान्यावरून मुंबईत रान पेटलं, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तेव्हा टीव्हीवरची भांडणं बघताना मला आमच्या जिन्यातला तो लेंगाच आठवत होता.

मग मी शिक्षिकेच्या जुन्या सवयीनं वाचायला बसले. एक गोष्ट कळली आणि सगळा उलगडा झाला. कबुतर पिल्लांना भरवतं ते स्वतःच्या अन्नपिशवीत तयार झालेलं दुधासारखं खाद्य, आणि ते नर-मादी दोघांनाही येतं. पोटाला धान्य मिळालं की त्यांचा संसार बारा महिने चालतो. चिमणीचं तसं नाही. ती स्वतः दाणे खाते, पण पिल्लांना लागतात अळ्या, किडे, नाकतोडे. म्हणजे बाजरी कितीही ओता, त्यावर चिमणीची पिल्लं वाढत नाहीत, कबुतरांची मात्र वाढतात. कबुतर हा मूळचा कड्याकपारींत राहणारा पक्षी. आपण उभे केलेले सज्जे आणि एसीची खोकी म्हणजे त्याला आयतेच कडे.

शेवटचा धक्का होल्यानं दिला. एका सकाळी तो घमेल्याच्या काठावर पिसं फुगवून बसला होता. मी हातभर अंतरावर गेले तरी उडाला नाही. संध्याकाळी पेरूखाली मरून पडला होता. कशानं गेला ते मला सांगता येणार नाही. पण घमेल्याच्या तळाशी विष्ठा, ओले दाणे आणि बुरशी यांचा बोटभर थर होता, तो मी खरवडून काढला तेव्हा मला शहारा आला. एका ताटात शंभर तोंडं जेवतात तिथे एकाचा रोग सगळ्यांना मिळतो.

दाणे बंद केले. पंधरा दिवस कबुतरं कुंपणाच्या भिंतीवर ओळीनं बसून माझ्याकडे बघत होती, आणि मला अपराधी वाटत होतं. मग एकेक करत पांगली. वहिनींचा सज्जा आम्ही दोघींनी मिळून साफ केला. इथे एक सांगून ठेवते: वाळलेली विष्ठा कोरड्या झाडूनं कधी झाडू नका. तोंडाला मास्क, हातात मोजे, आधी पाणी मारून चांगलं भिजवायचं आणि मगच खरवडायचं.

त्यानंतरच्या तीन वर्षांत जे जमलं ते आता सांगते.

दाण्यांआधी पाणी ठेवा. मातीचं पसरट परळ घ्या, पाणी दोन इंचांपेक्षा खोल नको, मध्ये एक खडबडीत दगड, म्हणजे लहान पक्ष्याला पाय टेकता येतो. परळ सावलीत, कमरेइतक्या उंचीवर असू द्या. जवळ बसायला फांदी हवी, पण मांजराला दबा धरायला झुडूप नको. पाणी रोज बदला आणि परळ काथ्यानं घासा. साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्यांचे आठवड्याभरात डास होतात, आणि मग पक्ष्यांआधी डेंग्यू घरी येतो.

खाऊ झाडांना घालू द्या. माझ्या कढीपत्त्याची फळं पावसाळ्याच्या तोंडाशी काळी पडली की बुलबुल आणि कोकिळा येतात. जास्वंदीवर शिंजीर येतो. फुलाच्या तोंडाशी जाण्याचे कष्ट न घेता बुडाला चोचीनं भोक पाडून मध पळवतो! तुती, करवंद, शेवगा यांतलं जागेप्रमाणे जमेल ते लावा. गॅलरीत कुंडीतली जास्वंदही पुरते. आणि कीटकनाशकाची फवारणी सोडा. पानावरची अळी हा चिमणीच्या पिल्लाचा वरणभात आहे. माझ्या लिंबाच्या रोपाची पानं अळ्यांनी खाल्ली तेव्हा जीव तुटला, पण आठवड्यानं शिंपी पक्षी त्या अळ्या टिपताना दिसला.

दाणे घालायचेच असतील तर मूठभर घाला. अर्ध्या तासात संपतील एवढेच, आणि जमिनीवर नकोत. मी कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी दाण्यांच्या वाटीभोवती गुंडाळून टांगली आहे. चिमणी आत शिरते, कबुतर मात्र मान अडकेल की काय अशा भीतीनं परत जातं. उरलेले दाणे संध्याकाळी उचला, नाहीतर रात्री उंदीर येतात. पाव, फरसाण, मिठाचा भात हे पक्ष्यांचं अन्न नाही. आणि कबुतरं येऊ लागली की दाणे लगेच थांबवा, माझ्यासारखं घमेलं आणू नका.

चिमणीसाठी घरटं टांगायचं असेल तर भोक सव्वा इंचाचं ठेवा. चिमणी सहज जाते, साळुंकी आणि कबुतर जात नाही. ऊन आणि पाऊस लागणार नाही अशा भिंतीवर, हात पोचणार नाही इतक्या उंचीवर लावा, आणि आत डोकावायचा मोह आवरा. माझं पहिलं घरटं आठ महिने रिकामं होतं.

बघायचं कसं, हेही शिकावं लागतं. पूर्वी मी पक्षी दिसला की मोबाइल उचलत असे, तोवर तो उडून जाई. आता चहा घेऊन पंधरा मिनिटं नुसती बसते आणि वहीत लिहिते: तारीख, वेळ, कोण, किती. फेब्रुवारीत चार दिवस परसबागेतल्या पक्ष्यांची जगभर गणना होते, तिलाही एका वेळी पंधरा मिनिटंच पुरतात. आपल्याकडे ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. नवीन माणसानं त्या आठवड्यात वही सुरू करावी. माझ्या वहीत आता तेवीस जातींची नावं आहेत. घमेल्याच्या दिवसांत चारच दिसत होत्या.

चिमण्या परत आल्या, पण सहाच्या सोळा झाल्या नाहीत. कधी दोन, कधी पाच. त्यांच्या मर्जीनं येतात, माझ्या वाढण्यानं नाही, हे मी आता पचवलं आहे. नात मोठी झाली, तिला शिंजिराचा नर आणि मादी वेगळी ओळखता येतात.

आणि वहिनी? परवा सकाळी सातला त्यांचा आवाज आला. वरच्या सज्ज्यातून वाकून त्या कुजबुजत होत्या, "ताई, लवकर या, कढीपत्त्यावर कुणीतरी आलंय!" मागे दादा दुर्बीण घेऊन उभे होते. त्यांच्या अंगावर पांढराशुभ्र लेंगा होता.