क्लबाच्या दारातले कार्ड

माझे मामा गेली बावीस वर्षे एका मोठ्या शहरातील जुन्या क्लबात वाढपी म्हणून नोकरीस आहेत. दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्याकडे गेलो असताना मी सहज विचारले, "मामा, वीस-वीस वर्षे येणारे मेंबर तुम्हांला चेहऱ्याने ओळखू येतात. मग दारावरचा वॉचमन त्यांच्याकडे कार्ड कशाला मागतो?" मामा हसले. म्हणाले, "अरे, तोंड बघून बिल फाडता येतं का? बिल नंबरावर फाडतात. आणि वॉचमन एजन्सीचा असतो, दर चार-सहा महिन्यांनी नवा येतो. त्याला काय ठाऊक कोण कुठला?"

एवढ्यावर विषय संपावयास हरकत नव्हती. परंतु राज्यशास्त्राचा विद्यार्थी असल्यामुळे म्हणा, किंवा मामा स्वतः त्या इमारतीत मागच्या दाराने जातात हे ठाऊक असल्यामुळे म्हणा, तो प्रश्न मनातून जाईना. आमच्या सरांनी काही न्यायनिर्णय वाचावयास दिले. त्यांतून जे हाती लागले ते येथे मांडीत आहे.

मामांचे उत्तर अर्धे बरोबर आहे. अशा क्लबांत बहुधा रोख पैसे चालत नाहीत. सभासद सही करतो आणि महिन्याचे बिल त्याच्या नावावर निघते. पाहुणा आणला तर त्याच्या खाण्यापिण्याची व वागण्याचीही जबाबदारी सभासदावर असते. वर्गणी थकली की त्याचे हक्क थांबतात. हा सगळा हिशेब दारातच लागावा म्हणून कार्ड. पण ही झाली सोय. यामागे कायद्याचे एक कारण आहे, आणि ते मला अधिक मनोरंजक वाटले.

१८८२ साली इंग्लंडच्या उच्च न्यायालयापुढे एक खटला आला. लंडनच्या ग्रोव्हनर क्लबाचे व्यवस्थापक ग्राफ यांनी एका सभासदाला पैसे घेऊन मद्य दिले. क्लबाकडे मद्यविक्रीचा परवाना नव्हता, तेव्हा हा गुन्हा झाला की नाही, हा वाद. न्यायालयाने सांगितले की ही विक्रीच नव्हे. क्लबातील माल सर्व सभासदांच्या सामाईक मालकीचा असतो. त्यातला वाटा एकाने घेतला व त्यापोटी पैसे भरले, तर परक्याने परक्याला माल विकला असे होत नाही.

वसतिगृहात राहणाऱ्यांस हे लगेच पटेल. आम्ही चौघे वर्गणी काढून तांदूळ-डाळ आणतो. रात्री एकाने जास्तीचा भात खाल्ला आणि डब्यात दहा रुपये टाकले, तर त्याने तो भात विकत घेतला असे कोणी म्हणत नाही. परंतु शेजारच्या खोलीतल्या मुलाकडून पैसे घेऊन ताट वाढले, की आमची खोली खानावळ झाली! भात तोच, पैसेही तेवढेच. फरक एवढाच की जेवणारा आमच्यातला की बाहेरचा. क्लबाच्या दारात कार्ड मागतात ते नेमके हे ठरविण्यासाठी. एकदा का बाहेरच्या माणसास सर्रास मद्य किंवा जेवण देऊ लागले, की 'आम्ही आमचेच खातो' हा बचाव कोसळतो.

आपल्याकडेही हा विचार आला आहे. मद्रासच्या यंग मेन्स इंडियन असोसिएशनच्या प्रकरणात १९७० साली सर्वोच्च न्यायालयाने, क्लबाने सभासदांना पुरविलेले खाद्यपदार्थ म्हणजे विक्री नव्हे, सबब त्यावर विक्रीकर नाही, असा निर्णय दिला. पुढे घटनादुरुस्ती झाली, वाद पुन्हा उभा राहिला, आणि २०१९ साली कलकत्ता क्लबाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने जुने तत्त्व कायम केले. करांचे ते जंगल मोठे आहे. त्यात मी शिरत नाही.

इंग्लंडमध्ये १९०२ च्या कायद्याने मद्य पुरविणाऱ्या क्लबांना नोंदणी सक्तीची झाली. आजही तेथे २००३ च्या कायद्याखाली क्लबास स्वतंत्र दाखला हवा असेल, तर निदान २५ सभासद लागतात, आणि अर्ज केल्यापासून सभासद होईपर्यंत निदान दोन दिवस जावे लागतात. प्रथम मला ही दोन दिवसांची अट विनोदी वाटली. मग ध्यानात आले की ती नसती, तर तहानलेल्या वाटसरूला दारातच फॉर्म भरावयास देऊन लगेच पेला पुढे करता आला असता. सभासदत्व म्हणजे कोणीतरी तुम्हांला पारखून आत घेणे. कार्ड ही त्या पारखण्याची फक्त पावती.

आता या पावतीचा दुसरा उपयोग पाहू.

अमेरिकेत आर्कान्सा राज्यात लिटल रॉक शहराजवळ लेक निक्सन नावाचे २३२ एकरांचे करमणुकीचे ठिकाण होते. तळ्यात पोहणे, नौकाविहार, नाच, खाद्यपदार्थांचा स्टॉल, सगळे होते. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने उपाहारगृहे व करमणुकीच्या जागा यांत वर्णभेद करण्यास बंदी झाली. मात्र जे खरोखर खासगी क्लब आहेत त्यांना त्यातून वगळले होते. ही फट मालकांच्या ध्यानात आली. त्यांनी जागेला 'क्लब' म्हणावयास सुरुवात केली आणि येणाऱ्याकडून पंचवीस सेंट 'सभासद फी' घेऊन कार्ड देऊ लागले. कार्ड संपूर्ण हंगाम चाले. गोऱ्यांना ते मागताच मिळे. एका हंगामात सुमारे एक लाख गोरे तेथे येऊन जात. रेडिओवर जाहिरातही होई. कृष्णवर्णीयांना मात्र सांगण्यात येई की हा खासगी क्लब आहे. जुलै १९६६ मध्ये दोन कृष्णवर्णीय स्त्रिया तेथे गेल्या आणि परत पाठविल्या गेल्या. त्या न्यायालयात गेल्या.

खालच्या न्यायालयाने हा क्लब नव्हे हे ओळखले, पण जागेचा आंतरराज्य व्यापाराशी संबंध नाही, म्हणून कायदा लागू होत नाही, असे म्हणून दावा फेटाळला. अपील न्यायालयानेही तेच केले. २ जून १९६९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे दोन्ही निकाल फिरविले. न्यायमूर्ती ब्रेनन यांच्या निकालपत्रात बारीकसारीक तपशील आहेत: भाड्याच्या नौका ओक्लाहोमाच्या, जूकबॉक्स परराज्यात बनविलेला, सँडविचच्या पावात परराज्याचा माल. आणि क्लबाविषयी म्हटले आहे ते असे, की येथे सभासदांच्या हाती काही कारभार नाही, सभासदांची निवड नाही, मालक नफ्यासाठी धंदा करतात. मग क्लब कोणता? निवड होते ती फक्त कातडीच्या रंगाची.

म्हणजे येथे कार्ड होते, पण त्यामागे काही नव्हते. इंग्लंडमधल्या एका प्रकरणात याच्या नेमके उलट घडले. १८६२ साली रेव्हरंड हेन्री सॉली यांच्या पुढाकाराने तेथे कामगार क्लबांचा संघ स्थापन झाला. त्यातील कोणत्याही क्लबाचा सभासद संघाचे सहसभासद-कार्ड घेऊन इतर क्लबांत जाऊ शके. असे हजारो क्लब होते. गावोगाव फिरणाऱ्या कामगाराला याहून चांगली सोय कोणती! प्रेस्टन गावचे शेरिंग्टन नावाचे एक कृष्णवर्णीय गृहस्थ असेच सहसभासद होते. १९७० साली ते गावातल्या गोदी कामगारांच्या क्लबात गेले. कार्ड होते, आत प्रवेशही झाला. मग चिटणिसाने येऊन सांगितले की येथे काळ्या माणसांना देत नाहीत, तुम्ही बाहेर जा.

हा प्रसंग मी दोनदा वाचला. क्लब धनिकांचा नव्हता, गोदी कामगारांचा होता, हे मला अधिक लागले. आणि १९७४ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने निर्णय दिला तो क्लबाच्या बाजूने. १९६८ चा वंशसंबंध कायदा 'जनतेला' सेवा देणाऱ्यांना लागू होता. क्लबाचे सभासद व सहसभासद म्हणजे जनता नव्हे, असे म्हटले गेले. जे कार्ड शेरिंग्टन यांना आत नेणारे होते, त्याच कार्डाने ते 'जनतेतून' वगळले गेले! आदल्या वर्षी ईस्ट हॅमच्या एका राजकीय क्लबाने एका भारतीय गृहस्थांचा अर्ज नाकारला होता, तेथेही असाच निकाल लागला. शेवटी संसदेने १९७६ च्या नव्या कायद्यात पंचवीसहून कमी सभासद असलेल्या छोट्या मंडळांना सोडून इतर क्लबांना आत ओढले.

हे वाचताना मला महाडची आठवण होणे अपरिहार्य होते. मुंबई कायदे मंडळात १९२३ साली बोले ठराव झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केले. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना व हजारो अनुयायांना तेथे जाऊन पाणी प्यावे लागले. त्यानंतर सवर्ण मंडळी डिसेंबरात न्यायालयात गेली ती काय म्हणत? की हे तळे सार्वजनिक नाही, खासगी आहे, आणि पूर्वापार वहिवाट अशी आहे. डिसेंबर १९२७ मध्ये तात्पुरता मनाई हुकूमही मिळाला. उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल डॉ. आंबेडकरांच्या बाजूने लागावयास मार्च १९३७ उजाडला. तेथे कार्डे छापली नव्हती, त्यांची गरज नव्हती. ज्याचे-त्याचे कार्ड जन्मतःच दिलेले होते. मात्र युक्तिवाद लेक निक्सनच्या मालकांचाच: जागा आमची, खासगी, तुम्ही आमच्यातले नाही.

आपल्या घटनेच्या १५ (२) कलमात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, करमणुकीची सार्वजनिक स्थळे, विहिरी, तळी, स्नानाचे घाट यांची नावे घेऊन प्रवेशाची हमी दिली आहे. क्लब हा शब्द तेथे नाही. उलट १९ (१) (ग) कलमाने मंडळे स्थापण्याचा हक्क दिला आहे, आणि मंडळ म्हटले की काही आत व काही बाहेर हे आलेच. मला स्वतःला हा हक्क नकोसा वाटत नाही. आमच्या गावच्या भजनी मंडळात कोणाला घ्यावे हे तहसीलदाराने ठरवू नये. माझी हरकत एवढीच, की 'सार्वजनिक' हा शब्द दारावरच्या पाटीवरून ठरू नये. आत निवड कशी होते, कारभार कोणाच्या हाती आहे, यावरून ठरावा.

२०१४ च्या जुलैमध्ये चेन्नईतील एका क्लबात पुस्तक-प्रकाशनास निमंत्रण असलेल्या उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना धोतर नेसले म्हणून दारातूनच परत पाठविण्यात आले. क्लबाचा नियमच तसा होता. त्याच वर्षी तमिळनाडू विधानसभेने कायदा करून भारतीय वेषावरून प्रवेश नाकारणे हा गुन्हा ठरविला, आणि त्या कायद्यापुरते क्लबालाही 'सार्वजनिक स्थळ' म्हटले. ही हकीकत मी मामांना सांगितली. ते म्हणाले, "आमच्याकडं आम्हांला ड्रेस क्लबच देतो. घरून धोतर नेसून गेलो तरी आत जाऊन बदलावंच लागतं." मग थोडे थांबून त्यांनी विचारले, "त्या जजसाहेबांकडं कार्ड होतं का?" मी म्हटले, निमंत्रणपत्रिका असावी.